पत्रं तुमची, उत्तरं माझी : तासाला एक बॉम्बर

मागच्या अंकात उद्योगपती वालचंद हिराचंदांवर लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या एका कारखान्यातून चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं तासाला एक या गतीने बाहेर पडत होती, एवढंच. वालचंदांवर पत्र आलं एक, बाकी सगळी पत्रं या वाक्यावर. सोलापूरकराला उत्पादनाचा आकडा दाखवला की तो आधी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडतो, हे मला कळायला हवं होतं.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्याचं आणि रिव्हेटचं काम शिकलो आणि पुढे आयटीआयमध्ये शीट मेटलचा निदेशक म्हणून निवृत्त झालो. ओझरला लढाऊ विमानं होती. बॉम्बर मी बनवलेला नाही. पण पत्रा तोच, रिव्हेट तोच.

प्रश्न : सर, माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाचा कारखाना आहे. जकार्डची एक चादर उतरवायला काय काय करावं लागतं ते मला ठाऊक आहे. लाखो भाग असलेलं विमान तासाला एक? आकड्यात काहीतरी गोम आहे.
(एक कारखानदार, सोलापूर)

गोम नाही, पण तुम्ही ज्याला तास म्हणताय तो तास वेगळा. तुमच्याच शेडमध्ये बघा ना. मागावरून एकामागून एक चादर उतरते. पण त्या चादरीचं सूत कधी रंगलं, कधी वाळलं, कांड्या कधी भरल्या, बीम कधी चढला? त्या चादरीला दिवस लागलेत, उतरताना दिसतात ती मिनिटं. विमानाचंही तसंच. एकेक विमान आठवडेच्या आठवडे कारखान्यात असायचं, फक्त त्याच्या मागे-पुढे शेकडो अर्धवट विमानं रांगेत उभी असायची. रांगेचं शेवटचं टोक तासाला एक पाऊल पुढे सरकायचं.

हा कारखाना मिशिगन राज्यात यप्सिलँटी गावाजवळ, विलो रन नावाच्या ठिकाणी होता. चालवत होती फोर्ड कंपनी, तीच मोटारवाली. विमान फोर्डचं नव्हतं. बी-२४ लिबरेटर हे कन्सॉलिडेटेड कंपनीचं डिझाईन, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचं. जानेवारी १९४१ मध्ये फोर्डचा उत्पादनप्रमुख चार्ल्स सोरेन्सन तिथला कारखाना बघायला गेला. तिथे कसबी माणसं होती, काम चोख होतं, पण प्रत्येक विमान जागेवरच उभं राहायचं आणि माणसं त्याच्याभोवती फिरायची. भाग जुळला नाही तर कानस मारून बसवायचा. सोरेन्सनने त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत बसून नव्या कारखान्याचा कच्चा आराखडा काढला : विमानाचे मोठे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र लाईन लावायची आणि तुकडे पूर्ण होऊन शेवटच्या लाईनवर भेटायचे. इमारत बांधली आल्बर्ट कान या वास्तुविशारदाने. क्षेत्रफळ सुमारे ३५ लाख चौरस फूट. शेवटची लाईन जवळजवळ एक मैल लांब, आणि ती सरळही नव्हती. एका ठिकाणी काटकोनात वळायची आणि तिथे अख्खं विमान फिरत्या तबकडीवर ठेवून ९० अंशांत वळवायचे. शेजारच्या जिल्ह्याचा कर वाचवायला इमारत वळवली, असं सांगतात.

सोरेन्सनला सॅन डिएगोत खटकलेली एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती आपल्या हवेची आहे. तिथे विमानांची जुळणी उघड्यावर, उन्हात चालायची. जिग, म्हणजे जुळणी करताना भाग जागेवर धरून ठेवणारा सांगाडा, पोलादाची, विमान ॲल्युमिनियमचं. आता हिशेब करा. दहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग तापमान वीस अंशांनी वाढलं की सुमारे साडेचार मिलिमीटर वाढतो. पोलादाची दहा मीटरची जिग तेवढ्याच तापमानाला वाढते जेमतेम अडीच मिलिमीटर. म्हणजे सकाळी चपखल बसलेलं भोक दुपारी दोन मिलिमीटर सरकलेलं. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली ज्याने काम केलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. एकेकच विमान करायचं असेल तर कारागीर ते हाताने सांभाळून घेतो. पण इथे केलेला पंख तिथे केलेल्या मधल्या भागाला न घासता बसायचा असेल तर सांभाळून घेणारा कारागीरच काढून टाकावा लागतो.

हा कारखाना पहिल्या दिवसापासून धावला असं समजू नका. १९४१ मध्ये पायाभरणी झाली आणि १९४२ संपेपर्यंत मोजकीच विमानं निघाली. लोकांनी यथेच्छ थट्टा केली. माणसं टिकत नव्हती. डेट्रॉइटपासून लांब, राहायला घरं नाहीत, पेट्रोल आणि टायर रेशनवर. प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग तिथे सल्लागार होता. सुरुवातीच्या विमानांबद्दल त्याचं मत वाईट होतं. १९४४ मध्ये मात्र महिन्याला चारशेच्या वर विमानं निघू लागली, आणि कामाच्या तासांनी भागलं तर दर ६३ मिनिटांना एक. तुमच्या शंकेतला तास तो हा. एकूण ८,६८५ लिबरेटर विलो रनने केली. त्यातली सुमारे १,९०० सुट्या भागांच्या रूपात दुसऱ्या कारखान्यांना जुळणीसाठी गेली. साऱ्या कारखान्यांची मिळून अठरा हजारांच्या वर झाली. इतक्या संख्येने दुसरा कुठलाही जड बॉम्बर बनलेला नाही.

प्रश्न : सर, मी डाय बनवतो. मोटारीसारखे पोलादी डाय विमानाला लावले तर डिझाईन बदललं की डाय भंगारात. युद्धात तर डिझाईन रोज बदलत असणार. मग फोर्डला हे परवडलं कसं?
(एक टूलरूमवाला, चिंचोळी एमआयडीसी)

पत्रातला सगळ्यात जाणता प्रश्न हा. परवडलं नाही, हेच उत्तराचं पहिलं वाक्य. डाय म्हणजे पत्रा दाबून आकार देणारा साचा. विमानवाले तेव्हा मऊ डाय वापरत : जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव डाय, वर रबराची गादी. झिजले की वितळवून पुन्हा ओतायचे. फोर्डच्या लोकांनी मोटारीच्या सवयीने कठीण पोलादाचे डाय केले. ते लाखो ठोके खातात, पण बनवायला महिने लागतात. इकडे युद्धभूमीवरून रोज निरोप येत होते. समोरून शत्रूची विमानं येतात, नाकावर बंदुकीचा बुरूज बसवा. इथे चिलखत हवं, तिथे टाकी बदला. प्रत्येक निरोपाला काही डाय मरत.

यावर तोडगा निघाला तो मला हुशारीचा वाटतो. बदल लाईनवर घ्यायचेच नाहीत. काही विमानांचा एक गट ठरवायचा, त्या गटात शेवटपर्यंत एकच डिझाईन, आणि साठलेले बदल पुढच्या गटात एकदम घ्यायचे. ज्याला थांबता येत नाही असा बदल असेल तर नवंकोरं विमान उडवत वेगळ्या सुधारणा केंद्रात न्यायचं, तिथे ते पुन्हा उघडायचं आणि बदल करायचा. म्हणजे तासाला एक निघालेलं विमान थेट लढाईवर जायचंच असं नाही. हे आकडेवाले सांगत नाहीत.

तुम्हाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. ब्रिटनच्या लँकॅस्टर बॉम्बरला रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. ते जास्त संख्येने हवं म्हणून ब्रिटनमधल्या फोर्डला मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्कमध्ये बनवायला दिलं. फोर्डच्या माणसांनी ड्रॉइंगं पाहिली आणि सांगितलं की यावरून इंजिन बनवता येणार नाही. रोल्स-रॉइसवाल्यांना वाटलं, आपलं काम फार बारीक म्हणून यांना झेपत नसेल. उलटं होतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालवून घ्यायचा फरक, फार ढिली आहे, अशी फोर्डची तक्रार होती. रोल्स-रॉइसचा फिटर दोन भाग हातात घेऊन जुळतील असे निवडायचा, घासायचा, बसवायचा, त्यामुळे ड्रॉइंगवर ढिलाई चालत होती. फोर्डकडे असा फिटर नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. कुठल्याही खोक्यातला कुठलाही पिस्टन कुठल्याही सिलिंडरात बसला पाहिजे. ड्रॉइंगं नव्याने काढण्यात वर्षाहून जास्त गेलं, पण त्या एका कारखान्याने पुढे तीस हजार मर्लिन केली.

मी आयुष्यभर पोरांना कानस धरायला शिकवलं. तरीही माझं मत फोर्डच्या बाजूला आहे. विमानाच्या बाबतीत हातावर विश्वास ठेवायचा तो शिकताना, माल बनवताना नाही.

प्रश्न : जुन्या फोटोत रुमाल बांधलेल्या बायका रिव्हेट मारताना दिसतात. एका रिव्हेटला दोघी का? एकीने भागलं नसतं का? आणि बायकांना इतक्या लवकर हे काम आलं कसं?
(इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, बार्शी)

पोरी, हे माझ्या घरचं काम. मन लावून वाच.

रिव्हेट म्हणजे डोकं असलेली ॲल्युमिनियमची काडी. दोन पत्र्यांच्या भोकातून ती घालायची. एका बाजूने हवेच्या गनने तिच्या डोक्यावर ठोके द्यायचे. पण ठोके देऊन शेपूट फुलायचं ते दुसऱ्या बाजूला, आणि ते आपोआप फुलत नाही. तिथे दुसऱ्या माणसाने लोखंडाचा जड ठोकळा घट्ट दाबून धरावा लागतो. आम्ही त्याला डॉली म्हणायचो. गनवाला बाहेर, डॉलीवाला पंखाच्या किंवा धडाच्या आत. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजाने बोलणं ऐकू येत नाही, पत्र्यावर टकटक करून खुणा ठरतात. गनवाल्याचं नाव व्हायचं, पण रिव्हेट चांगला की वाईट ते डॉलीवाल्यावर ठरतं. तिरकी धरली की शेपूट वाकडं. मग ते ड्रिलने काढायचं, भोक मोठं झालं तर जाडा रिव्हेट घालायचा आणि तपासनिसाच्या शिव्या खायच्या. एका बी-२४ ला असे तीन लाखांच्या वर रिव्हेट. विलो रनमध्ये पंखाच्या अरुंद पोकळीत शिरायला ठेंगण्या माणसांना मुद्दाम कामावर घेतलं होतं.

आता यातली खरी गंमत, जी फोटोत दिसत नाही. मोठ्या ताकदीचे रिव्हेट फ्रिजमध्ये ठेवावे लागत. ड्युरॅल्युमिन हा ॲल्युमिनियमचा तांबं मिसळलेला मिश्रधातू. तो सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवून एकदम पाण्यात बुडवला की मऊ होतो, आणि मग नुसता ठेवून दिला तरी तासांगणिक आपोआप कडक होत जातो. हे लक्षात आलं जर्मनीतल्या आल्फ्रेड विल्म याच्या, १९०६ च्या सुमारास. कडक रिव्हेट ठोकला तर शेपटाला तडा जातो. म्हणून तापवून, बुडवून, लगेच बर्फाच्या थंडीत ठेवायचे. थंडीत कडक होण्याची क्रिया जवळजवळ थांबते. खोक्यातून काढला की काही मिनिटांत ठोकायचा. उशीर झाला तर परत भट्टीत. ठोकल्यावर तो विमानातच कडक होत राहतो. ओझरला मला पहिल्यांदा थंडगार रिव्हेटची डबी हातात दिली तेव्हा मला वाटलं होतं शिकाऊ पोराची चेष्टा चाललीय.

तुझा शेवटचा प्रश्न. बायकांना लवकर आलं, कारण त्यांना अख्खं विमान शिकवलंच नाही. भोक कुठे पाडायचं ते जिगने ठरवलेलं, किती खोल ते ड्रिलच्या स्टॉपने ठरवलेलं, कुठला रिव्हेट ते डबीच्या रंगाने. प्रत्येकीला एक पट्टी. ती पट्टी हजार वेळा केली की ती माझ्यापेक्षा सफाईने करणार, यात नवल नाही. विलो रनच्या कामगारांत जवळपास एक तृतीयांश बायका होत्या. युद्ध संपताच बहुतेकींना घरी पाठवलं. हात तयार झाले होते, पण पुरुष परत आले होते.

प्रश्न : एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली. लंडनच्या बसवाल्यांनी बॉम्बर बनवले असं ऐकलं, खरं का?
(निवृत्त मेकॅनिक, पंढरपूर)

अगदी खरं. हँडली पेज कंपनीचा हॅलिफॅक्स बॉम्बर. लंडन ट्रान्सपोर्ट आणि बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कंपन्या मिळून एक गट झाला. कुणी नाक केलं, कुणी पंखाची कड, कुणी मागचं धड, आणि जुळणी लेव्हस्डेनला. एकूण ७१० विमानं केली. त्यातल्या बहुतेक कामगारांनी आधी विमानाला हातही लावला नव्हता. शेवटच्या विमानाला त्यांनी ‘लंडन प्राइड’ नाव दिलं. तुमच्या आगारातल्या लोकांनीही केलं असतं, मला शंका नाही. पत्रा ठोकणारा माणूस कुठेही पत्रा ठोकतो.

प्रश्न : लँकॅस्टर हे नापास विमानातून तयार झालं म्हणतात. नापास डिझाईन सुधारतं का?
(एक शिक्षक, मोहोळ)

डिझाईन नापास नव्हतं, इंजिन नापास होतं. ॲव्रो कंपनीचा डिझायनर रॉय चॅडविक. त्याचं मँचेस्टर हे विमान दोनच इंजिनांचं होतं, रोल्स-रॉइस व्हल्चर नावाची. २४ सिलिंडरांचं गुंतागुंतीचं इंजिन, कनेक्टिंग रॉड तुटायचे, हवेतच पेट घ्यायचं. दोनातलं एक गेलं की भरलेलं विमान एकावर तगत नसे. चॅडविकने धड जवळपास तसंच ठेवलं, पंख वाढवले आणि दोन व्हल्चरच्या जागी चार मर्लिन बसवली. ९ जानेवारी १९४१ ला ते उडालं. ७,३७७ लँकॅस्टर झाले, त्यातले ४३० कॅनडात. पोटात ३३ फूट लांबीचं बॉम्बचं सलग दालन, मध्ये पंखाचा आडवा कणा, म्हणजे स्पार, नाही. लांबोडका बॉम्ब आला की इतर विमानांची पंचाईत व्हायची, याची नाही. आणि विमान तुकड्यांत बांधलेलं, तुकडे ट्रकवर लादून नेता येतील असे. दुरुस्तीलाही तेच सोयीचं. मोडलेलं शेपूट काढायचं, दुसऱ्याचं शाबूत शेपूट लावायचं.

चॅडविकचा शेवट मी प्रत्येक बॅचला सांगायचो. २३ ऑगस्ट १९४७ ला त्याच्याच ट्युडर या प्रवासी विमानाच्या चाचणीत तो गेला. एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपांच्या, केबली उलट्या जोडल्या होत्या. उजवीकडे वळवलं की विमान डावीकडे कलणार. काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने तपासलंच पाहिजे, हा नियम कंटाळवाणा वाटणाऱ्या पोरांसाठी एवढं पुरत असे.

प्रश्न : वालचंद आपल्या सोलापूरचे. त्यांच्या बंगळूरच्या कारखान्यात असे बॉम्बर बनले का?
(वालचंदांवरचं ते एकमेव पत्र, अकलूजहून)

नवे बनले नाहीत. वालचंदांचा जन्म १८८२ चा, इथलाच. १९३९ मध्ये पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यापाऱ्याशी गाठ पडली, आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४१ मध्ये हार्लो नावाचं छोटं प्रशिक्षण विमान तिथे जोडून उडवलं. पण त्याच वर्षी सरकार भागीदार झालं आणि १९४२ मध्ये कारभारच ताब्यात घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाकडे गेला आणि विमानं बनवायच्या जागेचं दुरुस्तीचं आगार झालं. लिबरेटर तिथे आले ते दुरुस्तीला. वालचंदांना विमान बनवायचं होतं, दुरुस्त करायचं नव्हतं. त्यांना काय वाटलं असेल याचा अंदाज कुठलाही गिरणीवाला करू शकेल.

पण पुढचा भाग ऐका. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने त्यांची लिबरेटर कानपूरला टाकून दिली. ती अमेरिकेची उसनी, परत न्यायची नाहीत, दुसऱ्याने वापरायचीही नाहीत, म्हणून मुद्दाम मोडतोड करून ठेवलेली. १९४८ मध्ये भारताला बॉम्बर हवे होते आणि पैसे नव्हते. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून एकाचं हे, दुसऱ्याचं ते घेऊन विमानं उडण्याइतपत उभी केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत आणली, तिथे पूर्ण दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस. भंगारातून हे जमलं ते भाग अदलाबदल होत होते म्हणूनच. हाताने घासून बसवलेली विमानं असती तर एकाचा पंख दुसऱ्याला लागला नसता. आपल्या हवाई दलाने ही विमानं १९६८ पर्यंत वापरली.

प्रश्न : या विमानांनी शहरं जाळली. तुम्ही रिव्हेटचं कौतुक करता, हे बरोबर आहे का?
(नाव छापू नये, सोलापूर)

जाळली. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये हजारो माणसं मेली, त्यांनी कुणावर बंदूक रोखली नव्हती. विमानांत बसणाऱ्यांचंही ऐका : ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मेले, बहुतेक विशीतले. एकूण लँकॅस्टरपैकी निम्म्याच्या आसपास परत आली नाहीत. तासाला एक विमान लागत होतं ते म्हणूनही. मला रिव्हेट मारणाऱ्या हाताचं कौतुक आहे, ते मी लपवणार नाही. बॉम्ब कुठे टाकायचा हे ठरवणाऱ्याचं कौतुक मी वर कुठे केलेलं नाही, पुन्हा वाचून बघा.

प्रश्न : असं विमान भारतात कुठे बघायला मिळेल? नातवाला दाखवायचंय.
(आजोबा, जुळे सोलापूर)

दिल्लीला, पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात लिबरेटर आहे. निघण्याआधी ते कधी उघडं असतं याची चौकशी करा, दिल्लीचा प्रवास लांबचा आहे. नातवाला पंख बघायला सांगा : लांब आणि अरुंद, टोकापासून टोकापर्यंत ११० फूट. डेव्हिस नावाच्या माणसाचा तो आकार, कमी इंधनात लांब जाण्यासाठी. मग पोटाशी वाकायला लावा. बॉम्बचे दरवाजे बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे बाजूने वर सरकतात. आणि रिव्हेटच्या रांगेवरून बोट फिरवायची परवानगी मिळाली, तर तिरका सापडतो का बघायला सांगा.